निळ्या काठाचं कव्हर

सहदेव गमरेला वाईट पोस्टर बघवत नसे. कोळसेवाडीच्या नाक्यावर नव्या सिनेमाचं पोस्टर लागलं की बाकीचं जग त्यात हिरो कोण, हिरोइन कोण ते बघायचं. हा मात्र भाजीची पिशवी बगलेत मारून, चष्मा कपाळावर चढवून, अक्षरांपाशी नाक नेऊन उभा. "अरे, नावाला श्वास घ्यायला जागा ठेवा की जरा," असं भिंतीला सांगायचा. भिंत बिचारी काय बोलणार! मग घरी येऊन तीच तक्रार नातीकडे.

"अमृता, हल्ली तुमच्या पोस्टरांत सगळे नट एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत का उभे असतात गं? मयताला जमल्यासारखे?"

अमृताला हसू यायचं. ती कोलशेतला एका डिझाइन कंपनीत होती आणि त्यातली काही डोकी तिनेच रचलेली असायची. "आबा, क्लायंटला सगळे चेहरे दिसायला हवे असतात."

"मग पासपोर्ट फोटो चिकटव म्हणावं ओळीने. हाय काय नि नाय काय!"

आता, हा म्हातारा उगाच नाकं मुरडणाऱ्यांतला नव्हता. त्याला तो हक्क होता. पोरवयात त्याने कल्याणच्या थिएटरची बॅनरं रंगवली होती, बांबूच्या परांचीवर चढून, नटीच्या एकेका डोळ्याला अर्धा अर्धा दिवस देऊन. मग कॅसेटचा जमाना आला आणि स्टेशनजवळच्या एका कॅसेट कंपनीत त्याने चौदा वर्षं कव्हरं काढली. भीमगीतं, बुद्धगीतं, कोळीगीतं, हळदीची गाणी, काय नाही ते. दोनशेच्या वर कव्हरं. त्यातल्या एकावरही त्याचं नाव नव्हतं. गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, शेठचं तर दोनदा असे. कव्हर कोणी काढलं हे छापायची रीतच नव्हती, आणि त्यानेही कधी तोंड उघडून मागितलं नाही. पण वाटायचं. का नाही वाटणार? बहात्तर वर्षांचा झाला तरी वाटायचं.

यंदा अमृताच्या डोक्यात आलं, की आबांच्या कव्हरांचं प्रदर्शन भरवायचं. ठाण्यात कोपरीला एका संस्थेचा हॉल मिळाला. तिने माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला आणि सगळी कव्हरं फरशीवर मांडली. सहदेव खुर्चीत बसून, मला काय त्याचं, असा चेहरा करून बघत होता. आतून गडी जाम खूश होता.

"आबा, हे बघा! हे काय आहे!" अमृताने एक कव्हर उचललं. 'निळ्या काठाचं लुगडं. गायिका: जाईबाई.'

पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक गोरीपान बाई, जरा बाजूला वळलेली. तिच्या पदराचा निळा काठ खांद्यावरून उतरत कव्हरभर फिरला होता आणि कॅसेटचं नाव त्या काठातच विणलेलं होतं. अक्षर कुठे संपलं आणि कोयरी कुठे सुरू झाली, कळू नये असं. तोच काठ वळून कॅसेटच्या बारक्या कडेवरही गेला होता. डब्यात त्या कॅसेटच्या सहा प्रती होत्या. अमृताने त्या एकावर एक रचल्या, आणि कडेचे सहा तुकडे जुळून अर्धी वीत उंचीचा अख्खा काठ उभा राहिला.

अमृता बघतच राहिली. "हे तुम्ही मुद्दाम केलेलं?"

"मग काय आपोआप झालं?" सहदेव म्हणाला. "दुकानदार कॅसेटी रचून ठेवायचे ना. म्हटलं, रचल्यावरपण दिसलं पाहिजे. आमचा नियम होता. पानवाल्याने टांगलेली कॅसेट रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे. नाहीतर कव्हर फुकट. येईल त्या गायकाला ऐकवायचो मी हे. त्या काठासाठी मी बाजारात तीन दिवस हिंडलेलो, माहितीये? दहा दुकानं पालथी घातली, तेव्हा एक काठ पसंत पडला."

"हेच मधे लावायचं. मोठं करून. आणि खाली कार्ड." तिने लॅपटॉपवर तिथल्या तिथे लिहून दाखवलं: 'कव्हर: सहदेव गमरे, १९८७.'

सहदेवने ते तीनदा वाचलं. मग पाणी प्यायला म्हणून उठला आणि मोरीपाशी जाऊन डोळ्यांवरून हात फिरवून आला.

ही गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण दोन दिवसांनी अमृता नाचतच घरी आली. "आबा, जाईबाई सापडल्या! कोपरीतच राहतात, हॉलपासून दहा मिनिटांवर. शहात्तर वर्षांच्या आहेत, एकदम खणखणीत. मी त्यांना उद्घाटनाला बोलावलंय. हो म्हणाल्या!"

सहदेवच्या हातातला चहा बशीत सांडला.

कारण त्या कव्हरवरची बाई जाईबाई नव्हती.

झालं होतं ते असं. सत्याऐंशी साली जाईबाईची पहिली आणि शेवटची कॅसेट निघाली. ती कंपनीत आली आणि एका कार्यक्रमातला स्वतःचा फोटो सहदेवच्या टेबलावर ठेवून गेली. काळापांढरा, वहीच्या पानाएवढा. माईकसमोर उभी जाईबाई, मान किंचित वर, गळ्याची शीर ताणलेली, आणि मागे कोरसवाल्या बायका. सहदेवने लाल मेणाच्या पेन्सिलीने फोटोवरच चौकट आखली, कारण कामाची पद्धतच तशी: जेवढं छापायचं तेवढं चौकटीत, बाकीचं बाहेर. चौकटीत नुसती जाईबाई. काय फोटो झाला होता तो! पण शेठने बघितला आणि परत सरकवला. "ही काळी बाई कव्हरवर? नाय चालणार. कोण घेईल कॅसेट? गोरी बाई काढ एक."

सहदेव स्वतः जाईबाईपेक्षा दोन हात काळा. त्याने एकदा म्हणून बघितलं, "शेठ, आवाज तिचा आहे." शेठ म्हणाला, "आवाज आतमधे आहे. बाहेर कव्हर आहे." नोकरी होती, घरात दोन पोरं होती. सहदेव मुकाट्याने बसला आणि त्याने कॅलेंडरवरच्या एका बाईचा चेहरा उचलला. आणि मेल्याचं नशीब बघा, आयुष्यातलं सगळ्यात सुंदर कव्हर त्याच्या हातून तेच झालं.

कॅसेट धो धो चालली आणि जाईबाईची पंचाईत झाली. कार्यक्रमाला गेली की लोक विचारायचे, कव्हरवरच्या बाई नाही आल्या का? अंबरनाथला तर कार्यकर्त्यांनी तिला उचलून कोरसमधे बसवलं आणि खऱ्या गायिकेची वाट बघत राहिले. हे सगळं सहदेवच्या कानावर यायचं.

जाईबाई फोटो परत मागायला तीनदा कंपनीत आली. पहिल्यांदा सहदेव म्हणाला, छापखान्यात आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, शोधतो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "नीट बघा ना, पेंटर. त्या फोटोचं काम होतं." सहदेवने टेबलावरच्या कामातून मान वर न करता सांगितलं, "हरवला, ताई." ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

फोटो हरवला नव्हता. तो टेबलाच्या खणातच होता. पण परत द्यायचा म्हणजे तो का नाही छापला ते सांगायला लागलं असतं, आणि ते सांगायची सहदेवची छाती नव्हती. पुढे कंपनी बंद झाली तेव्हा तो फोटो घरी आला, आणि पाकिटात घालून सहदेवने तो कपाटात, आपल्या दाखल्यांच्या खाली ठेवला. वर्षा-दोन वर्षांनी काढायचा, चौकटीतला तो ताणलेला गळा बघायचा, स्वतःला चार शिव्या घालायचा आणि परत ठेवायचा. अडतीस वर्षं हेच.

आता उद्घाटनापर्यंतचे आठ दिवस त्याने अमृताचं मन वळवायचे सगळे प्रयत्न केले. "ते कोळीगीताचं लाव ना मधे, त्यात होडीची शिडं बघ कशी साधलीयेत." नाही. "जाईताईंना कशाला त्रास? वय झालंय." नाही. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी त्याने पाकीट आणून तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं ओकून टाकलं.

अमृताने फोटो बाहेर काढला. बराच वेळ बघितला. तीही पडली डिझाइनवाली, पहिला शब्द निघाला तो हा, "आबा, क्रॉप काय कडक केलाय." आणि मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही त्यांना हरवला म्हणून सांगितलंत? घरात असताना?"

"हो."

"अडतीस वर्षं?"

"हो गं. आता मोजून दाखवू नको."

"आणि उद्या सगळ्यांसमोर त्यांनी तुम्हाला धुतलं तर? लोक येणारेत, आबा. आमच्या ऑफिसचे येणारेत."

"धुऊ दे. मी हा तिच्या हातात देणार, उद्घाटनाच्या आधी. आणि ते माझ्या नावाचं कार्ड आत्ता लावू नकोस. राहू दे तुझ्या पर्समधे. लावायचं की नाही, ते ती बोलल्यावर ठरव."

अमृताने आजोबाकडे बघितलं. त्या कार्डासाठी हा माणूस काय आसुसला होता ते तिला माहीत होतं. तिने कार्ड पर्समधे टाकलं.

दुसऱ्या दिवशी दहालाच ते हॉलवर पोचले. भिंतींवर कव्हरं लागली होती. बोटभर चित्रं हातभर केली तरी एकाचीही रेघ फिसकटलेली नव्हती. सहदेव एकेकासमोर थांबत गेला. चौदा वर्षं भिंतीवर! दुसऱ्या कुठल्या दिवशी तो तिथून हलला नसता. आज त्याचं लक्ष सगळं दाराकडे.

अकराला जाईबाई आली. ठेंगणी, काळी, पांढऱ्या साडीत, काठी न घेता. दारातच म्हणाली, "जय भीम, पेंटर. जाड झालात."

"जय भीम, ताई. बसा ना."

"बसते काय? आधी बघू तर द्या." ती सरळ मधल्या कव्हरपाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. सहदेव तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"ताई, मला एक सांगायचंय. ती बाई..."

"ती बाई मी नाय, ते मला ठाऊक आहे," जाईबाई म्हणाली. "घरात आरसा आहे माझ्या. राग आलेला. नाय कसा येणार? वर्षभर त्या बाईला शिव्या दिल्या मी. मग म्हटलं, हिचा काय दोष, ही पण कोणाच्या तरी पोटासाठी उभी राहिली असेल. गळा तर माझाच होता. पण कव्हर झकास केलेलंत हां. काठ तर बघत राहावा असा. फक्त खोटा."

"खोटा म्हणजे?"

"गाणं माझ्या आयेच्या लुगड्यावरचं. तिच्या लुगड्याच्या काठाला कोयऱ्या नव्हत्या. दोन रेघा होत्या नुसत्या, एक जाड, एक बारीक. तुम्हाला कुठून कळणार म्हणा."

सहदेवने पिशवीतून पाकीट काढलं. "ताई, तुमचा फोटो. हरवला नव्हता. शेठने नको म्हटलेलं, मला सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. तीनही वेळा खोटं बोललो. काय बोलायचं ते बोला."

जाईबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने फोटो बाहेर काढला, चष्मा नीट केला. सहदेव वाट बघत होता, की ती आता आपला तरणा चेहरा बघेल, तो ताणलेला गळा बघेल, आणि मग आपल्याला धुऊन काढेल. पण तिची नजर त्या गळ्यावर थांबलीच नाही. चौकटीतून ती सरळ बाहेर गेली, डाव्या कोपऱ्यात. तिथे तिने अंगठा टेकवला.

"आये," ती म्हणाली.

एवढंच. मग तिचे खांदे हलायला लागले. अमृताने पटकन खुर्ची पुढे केली, जाईबाई बसली आणि फोटो छातीशी धरून रडली, लहान पोरीसारखी, मोठ्याने. सहदेवला काय करावं सुचेना. पाणी आणलं, ते हातातच राहिलं.

"मला काय माझं थोबाड हवं होतं, पेंटर?" ती म्हणाली. "तेव्हा आये जाऊन महिना झाला होता. फोटो काढायला कधी बसली नाय ती. हाच एक. माझ्या मागे खंजिरी वाजवत होती म्हणून त्यात आली. तिसऱ्या वेळेला तेच सांगायला आलेले मी. पण तुम्ही मान वर केली असती तर सांगितलं असतं ना! खाली बघत माणसाशी बोलतात का?"

तिने फोटो पुढे केला, आणि सहदेवने तो बघितला. अडतीस वर्षांत निदान पंचवीस वेळा त्याने तो हातात घेतला होता, आणि दर वेळी लाल चौकटीच्या आत बघितला होता. बाहेरचं ते बाहेरचं. ते छापायचंच नव्हतं. आता त्याने बाहेर बघितलं. डाव्या कोपऱ्यात एक म्हातारी बाई, हातात खंजिरी, सगळं लक्ष लेकीच्या पाठीकडे. अंगावर नऊवारी. आणि पदराला काठ, एक रेघ जाड, एक बारीक, लख्ख दिसत होता. ज्या काठासाठी तो बाजारात तीन दिवस वणवणला, तो त्याच्याच टेबलावर पडला होता! सहदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही लाल रेघ कोणी मारली?" जाईबाईने विचारलं. चौकटीची उभी रेघ म्हातारीच्या खांद्यावरून गेली होती.

"मीच, ताई."

"पुसा."

अमृताने चष्मा पुसायचं फडकं दिलं. सहदेव टेबलाशी बसला, फडक्यावर तोंडाची वाफ सोडली आणि खांद्यापासून सुरुवात केली. मेण वाळलं होतं, लवकर निघेना. घाई करून चालणार नव्हतं, खालचा कागद ओरबाडला असता. बारीक बारीक गोल फिरवत त्याने आधी खांदा मोकळा केला, मग पदर, मग उरलेल्या तीन बाजू. जाईबाई त्याच्या हाताकडे बघत शेजारी बसून राहिली. बाहेर माणसं जमायला लागली होती; अमृताने त्यांना दारातच थोपवून धरलं. अर्ध्या तासाने फोटोवर रेघ उरली नाही. आता त्यात दोघी होत्या, पुढे लेक आणि मागे आई.

"हा इथे लावू का, कव्हरशेजारी?" सहदेवने विचारलं. "आजच्यापुरता. संध्याकाळी तुमच्याबरोबर घरी न्या."

जाईबाईने मान डोलावली. मग अमृताकडे वळून म्हणाली, "आणि ह्यांचं नाव कुठाय? कव्हर ह्यांनी काढलंय, नाव नको?"

अमृताने पर्समधून कार्ड काढलं आणि आजोबाकडे बघितलं.

"लाव, पण नंतर," सहदेव म्हणाला. "आधी मला एक कोरा कागद दे. आणि ब्रश."

रंगाची बाटली त्याच्या पिशवीत असायचीच, ती सवय काही सुटली नव्हती. त्याने कागद सरळ केला, पट्टी न घेता वरून निळी जाड रेघ ओढली, तिच्याखाली बारीक. 'गायिका: जाईबाई,' त्याने लिहिलं. त्याच्याखाली 'खंजिरी:' लिहून तो थांबला, आणि या वेळी मान वर करून, तिच्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं,

"ताई, आईचं नाव काय?"

"गंगुबाई."

"केवढं लिहू?"

जाईबाईने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसली.

"रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं," ती म्हणाली.